ठिणगी कुठं पडू द्यायची

बॅटरीचं पाणी बघायला रात्री काडी ओढून भोकावर धरणारे लोक मी पाहिलेत. बहुतेकांना काही झालं नाही, हीच खरी अडचण आहे. दहा वेळा निभावलं की माणूस अकराव्यांदाही काडी ओढतो.

उसाचा हंगाम तोंडावर आलाय. पावसाळाभर उभे असलेले ट्रॅक्टर बाहेर निघतील आणि सेल्फ मारला की नुसतं 'टक' वाजेल. गाडी उभी असली तरी बॅटरी आपोआप उतरत असते. उतरलेली तशीच पडून राहिली, की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर कडक होतो आणि मग ती चार्ज घेईनाशी होते. भरलेल्या, स्थिरावलेल्या बॅटरीला मीटर 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवतो. 12वर आली असेल तर समजा, ती जवळपास रिकामी आहे.

आता भीतीचं बोलू. लोक करंटला भितात, पण 12 व्होल्टचा झटका कोरड्या हाताला जाणवतही नाही. ॲसिडला भितात, ते बरोबरच आहे. पण घात करतो तो वायू, आणि तो ना दिसतो, ना त्याला वास. चार्जिंग भरत आलं की करंट प्लेटांत जिरेनासा होतो आणि पाणीच फोडायला लागतो. त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. साधारण 14.4 व्होल्टच्या पुढं तर सेलमध्ये उकळी फुटल्यासारखे बुडबुडे येतात. हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेटतो. चार्जर बंद केल्यावरही बुचाखाली तो काही वेळ दबा धरून असतो.

एका गॅरेजमध्ये माझ्यासमोर एका पोरानं चार्जर चालू ठेवूनच चिमटा काढला. सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला आणि झाकणाचे तुकडे पत्र्याला जाऊन लागले. त्याला नंबरचा चष्मा होता म्हणून डोळे वाचले. माझा शर्ट घरी येईपर्यंत धड दिसत होता. धुतल्यावर त्याची चाळणी झाली!

चिमटा लावताना-काढताना ठिणगी पडायचीच. ती बॅटरीच्या डोक्यावर पडू द्यायची नाही, एवढं आपल्या हातात आहे. म्हणून आधी चिमटे लावायचे, मग बटण चालू करायचं. काढताना आधी बटण बंद. दुसऱ्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडून चालू करताना लाल वायर प्लसला प्लस, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. मायनसला लावलं तरी गाडी चालू होते, खरं आहे. पण मग शेवटची ठिणगी नेमकी वायूवर पडते.

बॅटरी काढताना आधी मायनस का? सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लसचा नट सोडताना पाना बॉडीला टेकला, तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून जातात आणि तो लाल होतो. मायनस आधी सुटला असेल तर पाना खुशाल टेकू दे. बसवताना अर्थातच मायनस शेवटी. आणि पाना घासून 'ठिणगी मारून' बॅटरी तपासायची सवय सोडा; मीटर स्वस्त आहे.

चार्जिंग सावकाश करायचं. 88 अँपिअर-तासांच्या बॅटरीला 8-9 अँपिअर पुष्कळ झाले, म्हणजे रात्रभराचं काम. जागा मोकळी हवी, माजघर नको. बॅटरी हाताला कढत लागली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, की भिंतीवरचं बटण बंद करून बाहेर पडायचं.

पाणी डिस्टिल्डच. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात. ॲसिड उडून जात नाही, उडतं ते पाणीच. म्हणून वरून ॲसिड ओतायचं नाही. चार्जिंगआधी प्लेटा बुडतील एवढंच घाला, खुणेपर्यंत नंतर. नाहीतर चार्जिंगमध्ये वर येऊन सांडतं. सांडलेल्यावर खायचा सोडा टाका. डोळ्यात मात्र सोडा नाही! नुसतं स्वच्छ पाणी, निदान 15-20 मिनिटं, आणि मग थेट दवाखाना. सीलबंद बॅटरीचं झाकण उचकटायला जाऊ नका.

चला, बाहेर ट्रॅक्टर उभाच आहे. ज्यांच्या बोटात अंगठी, हातात कडं असेल, त्यांनी काढून खिशात टाका, आणि तंबाखूवाल्यांनी आधी हात धुऊन या.