पुसायचं चित्र

श्रोतेहो, नमस्कार. दारातली रांगोळी दुसऱ्या दिवशी सडा घालताना पुसायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला नॅव्हाहो लोक राहतात. स्वतःला ते दिने म्हणवतात. त्यांचे वैदू आजारी माणसासाठी जमिनीवर चित्र काढतात. दगडाची पूड, कोळसा, परागकण, सगळं चिमटीनं सोडायचं. चित्रात देवता उतरतात, रोग्याला त्यावर बसवतात आणि विधी झाला की चित्र मोडतात. ठेवायचं नाही. एवढं ध्यानात असू द्या, ते चित्र ठेवायचं नाही.

त्यांच्या बायका उभ्या मागावर लोकरीची जाजमं विणतात. त्यांवर गाई येतात, आगगाडीसुद्धा येते. वीण दोन्ही बाजूंनी सारखी असते. कापड घेताना आधी उलट बाजू बघावी, असं मी सगळ्यांना सांगत असते. दुकानदार कंटाळला तरी चालेल, पण बघावी.

तर होस्टीन क्लाह यांची गोष्ट. क्लाह म्हणजे डावखुरा. जन्म १८६७चा, न्यू मेक्सिकोतले मोठे वैदू. विणकाम बायकांचं, पण हे आई-बहिणीकडून ते शिकले. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात त्यांनी लोकांसमोर विणून दाखवलं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले होते.

पुढे १९१९च्या सुमारास क्लाह यांनी मागावर ताणा लावला आणि विधीतलं ते चित्रच विणायला घेतलं. जे ठेवायचं नाही, तेच! जमीन वाळूसारखी दिसावी म्हणून मातकट लोकर घेतली, न रंगवलेली. बातमी पसरली तशी माणसं खवळली. दुसरे वैदू म्हणाले, शुद्धीचा विधी करा आणि हे जाजम नष्ट करा. विणणाऱ्यावर आजार येईल, डोळे जातील, अशी भीती होती. मला ती माणसं अडाणी वाटत नाहीत. पवित्र वस्तू जपण्याची त्यांची रीतच ती मोडण्याची होती. क्लाह थांबले नाहीत. जाजम पुरं झालं, विकलं गेलं, त्या मुलखाबाहेर गेलं, तेव्हा कुठे गलका शमला.

मग त्यांनी दोन भाच्यांनाही हे काम शिकवलं. पण आधी त्यांच्या रक्षणासाठी विधी केले, मंत्र म्हटले. देवतांचं चित्र विणायला बसवलेल्या पोरींना त्यांनी तसंच सोडलं नाही. ही गोष्ट सांगताना मी इथे दर वेळी थांबते.

विद्या पुढे न्यायला एक शिष्य तयार होत होता, तो त्यांच्याआधीच गेला. १९३७ साली क्लाहही गेले. त्याच वर्षी सांता फे गावात त्यांच्या मैत्रीण मेरी व्हीलराइट यांचं संग्रहालय उभं राहिलं. १९७७ साली त्या संग्रहालयानं विधीतली काही पवित्र गाठोडी दिने लोकांना परत केली.