बीपीच्या गोळीतला ‘एच’ आणि कार्ल बायर

(टेबलावर मिठाची बरणी, शेजारी गोळ्यांची पट्टी)

नमस्कार मंडळी. सांगलीत कुठल्याही औषधाच्या दुकानात पाच मिनिटं उभे राहा. गिऱ्हाईक चिठ्ठी विसरलेलं असतं, म्हणून काउंटरमागचा पोरगा विचारतो, “काका, साधी टेल्मा की टेल्मा एच?” टेल्मा ही बीपीची गोळी. तिच्यातला जादाचा एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, साडेबारा मिलिग्रॅम. घरात तिला ‘लघवीची गोळी’ म्हणतात आणि एसटीनं जायचं असलं की आजी ती हमखास चुकवते.

हा एच ज्याच्या संशोधनातून आला, तो कार्ल बायर. जन्म 1914, अमेरिकेतलं केंटकी राज्य. विस्कॉन्सिनला पीएचडी केली, डॉक्टरही झाला आणि 1943 मध्ये शार्प अँड डोम या औषध कंपनीत लागला.

काळ महायुद्धाचा. पेनिसिलिन निघालं होतं, पण पुरत नव्हतं. 1941 मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला ते दिलं, तेव्हा त्याची लघवी गोळा करून त्यातून औषध परत काढत होते. माणूस सुधारत होता. साठा संपला आणि तो गेला.

आता औषध लघवीत एवढं जातंच का? आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडतो, बाकीचा नलिका परत रक्तात घेतात. हे शाळेत शिकलोय. पण काही पदार्थ नुसते गाळले जाऊन थांबत नाहीत. नलिकेच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी ते रक्तातून ओढून घेतात आणि नलिकेत टाकतात. पेनिसिलिन त्यातलंच, म्हणून ते भराभर संपतं.

बायरनं विचार केला, हा रस्ताच अडवला तर? हळदीच्या सौद्याला मार्केट यार्डाच्या फाटकात दुसऱ्यांचे ट्रक आधीच उभे असले, की आपला आतच अडकतो. त्यानं कुत्र्यांना पेनिसिलिनबरोबर त्याच वाटेनं जाणारं पीएएच नावाचं रसायन भरपूर दिलं. पेनिसिलिन रक्तात टिकलं. पण पीएएच फारच मोठ्या प्रमाणात द्यावं लागत होतं. मग तीच वाट अडवणारी औषधं आली, आधी कॅरिनामाइड आणि 1951 च्या सुमारास प्रोबेनेसिड.

तोवर पेनिसिलिन मुबलक झालं होतं! पण प्रोबेनेसिड वाया गेलं नाही. नलिका युरिक ॲसिड परत रक्तात घेतात, तेही या औषधानं अडतं. गाऊट, म्हणजे युरिक ॲसिड साचून सांधे ठणकणारा आजार, असलेल्यांची सोय झाली.

(मिठाची बरणी पुढे सरकवत)

आता मीठ. अंगावर सूज आली की त्या काळी पाऱ्याची इंजेक्शनं देत. हो, पाऱ्याची. दुसरीकडे जंतूंवरच्या सल्फा औषधांनी लघवीतून सोडियम जातं हे दिसलं होतं, पण ते बायकार्बोनेटबरोबर जायचं आणि रक्तात आम्लता वाढायची. बायरला सोडियम क्लोराइडच्या जोडीनं, म्हणजे सरळ मीठ म्हणूनच, बाहेर काढायचं होतं. त्यामुळे नुसती लघवी किती वाढली यावर तो समाधानी नव्हता. त्यात क्लोराइड किती, हे त्याला बघायचं होतं.

बायरच्या गटातला रसायनतज्ज्ञ नोव्हेलो एका सल्फा रेणूला छोटा तुकडा जोडायला गेला, तर अणूंचं भलतंच कडं तयार झालं. तेच क्लोरोथायझाइड, मीठ बाहेर काढणारं औषध. 1957 मध्ये त्याचे निष्कर्ष आले, 1958 मध्ये ते बाजारात. लोक याला नशीब म्हणतात. कडं जुळलं ते नशीब, मान्य. पण बायकार्बोनेटच मोजत बसले असते, तर हा रेणू कमजोर म्हणून बाजूला पडला असता, असं मला वाटतं.

हायड्रोक्लोरोथायझाइड त्याच्या पाठोपाठ आलं, सुमारे दहापट तेज. बायर आणि त्याचे सहकारी स्प्रेग, बेअर आणि नोव्हेलो यांना 1975 मध्ये लास्कर हा वैद्यकीय संशोधनाचा मोठा अमेरिकी पुरस्कार मिळाला. हे औषध नेमकं कुठल्या प्रथिनाला अडवतं, त्याचं जनुक हाती लागलं 1993 मध्ये, आणि तेही फ्लाउंडर माशाच्या मूत्राशयातून.

मला सगळ्यात आवडणारा भाग पुढे आहे. ही गोळी काम करते नलिकेच्या आतून. आणि आत शिरते कुठून? पेनिसिलिन जातं त्याच वाटेनं! बायरनं आधी जी वाट अडवली, तिच्यातूनच त्याचं दुसरं औषध कामावर जातं. युरिक ॲसिडही तिथूनच बाहेर पडत असतं. गर्दीत ते मागे राहतं आणि रक्तात वाढू शकतं. म्हणजे एका औषधानं गाऊट आटोक्यात येतो, दुसऱ्यानं तो उद्भवू शकतो.

म्हणून पायाचा अंगठा एका रात्रीत लाल होऊन ठणकायला लागला, तर मिरजेला डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पट्टी सोबत न्या. एच चालू आहे, हे त्यांना कळू द्या. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन त्यांनी सांगितलं की तपासा. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या किंवा उठताना चक्कर आली, तर लगेच फोन करा, गोळी आपल्या मनानं बंद करू नका. आणि गोळी मीठ काढते म्हणून भडंगावर ताव मारायची मुभा मिळत नाही. प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची, तेही डॉक्टरांनाच विचारा. वेळ बहुतेक वेळा बदलून देतात.