पायाला चिकटतो तो लुतुम

राम राम मंडळी! हा बूट बघा. थांबा, जरा जवळ आणतो. रात्रीच्या पावसानंतर वावरात दहा पावलं काय टाकली, किलोभर जड झाला! काळ्या मातीचे थरावर थर, आणि मध्ये कुठेतरी बूट. पुण्याचा माणूस याला चिखल म्हणेल. आपल्या खान्देशात हा गारा. आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन शेतकरी म्हणाला असता, लुतुम.

लुतुम म्हणजे पाय धरून ठेवणारा चिखल. त्यावरून इंग्रजीत ‘ल्यूटोस’ शब्द झाला, चिखलाने माखलेला. आज तो फक्त शब्दकोशात सापडतो. रोमन लोक मात्र शिवी द्यायची झाली तरी समोरच्याला ‘लुतुम’ म्हणायचे.

चिखलाचा दुसरा लॅटिन शब्द लिमुस. हा पाण्याखाली बसलेला गाळ. उन्हाळ्यात तलाव आटला की ट्रॉल्या भरभरून वावरात पसरतो ना, तोच. त्याला ‘राहणे’ या अर्थाचा ‘कोलेरे’ जोडला की ‘लिमिकोलस’, म्हणजे गाळात राहणारा. शेतकऱ्याला लॅटिनमध्ये ‘अॅग्रिकोला’ म्हणतात, तोही याच घरातला. जुलैमध्ये आपण दोन्ही असतो. हिवाळ्यात लांब चोच खुपसून गाळात किडे शोधणारा गॉडविट पक्षी येतो, त्याचं शास्त्रीय नाव लिमोसा लिमोसा. एकदा गाळ म्हणून नाव ठेवणाऱ्याचं भागलं नाही.

आता माझा आवडता. उलिगो. यावरून इंग्रजीत ‘युलिजिनस’. वरून पडलेलं पाणी म्हणजे उलिगो नव्हे. जमिनीच्या अंगातच मुरलेली, कधी न हटणारी ओल म्हणजे उलिगो. आमचं कालव्याच्या खालच्या अंगाचं अर्धा एकर वावर असंच आहे. वरून कोरडं दिसतं, वीतभर उकरलं की खड्ड्यात पाणी पाझरतं. केळी लावली, मुळं सडली. आपण याला चिबड म्हणतो. ‘युलिजिनस’ला मराठी शब्द शोधत मी दोन दिवस घालवले, आणि शब्द बांधावरच होता!

पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या रोमन लेखकाने अशा जमिनीवर उपाय लिहून ठेवलाय. तीन फूट खोल चर खणा, अर्धा बारीक दगडगोट्यांनी भरा, वर माती लोटा. दगड नसतील तर काटक्यांचा जाड दोर वळून तळाला घाला. आता आपण जमिनीखाली भोकं पाडलेले पाइप टाकतो. दगडांच्या जागी प्लास्टिक आलं, युक्ती तीच.

शेवटचा शब्द पलूस. सांगलीकर दचकू नका, तुमच्या गावाशी संबंध नाही! लॅटिन पलूस म्हणजे दलदल. विभक्ती लागली की त्याचं ‘पलूद’ होतं, म्हणून इंग्रजीत ‘पॅल्यूडल’, दलदलीचा. संस्कृतात डबक्याला ‘पल्वल’ म्हणतात. हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत असं भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणजे आपलं डबकं आणि त्यांची दलदल चुलत बहिणी.

याच पलूसवरून हिवतापाला फ्रेंचमध्ये ‘पाल्युदिझ्म’ म्हणतात. इटालियनांनी खराब हवेला दोष दिला, त्यातून ‘मलेरिया’ आला. पण त्याच्या कितीतरी आधी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, वारो नावाच्या रोमन पंडिताने लिहिलं होतं की दलदलीजवळ घर बांधू नका, तिथे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव हवेतून तोंडानाकावाटे शरीरात शिरतात आणि आजार होतो. वाट चुकली, पण संशय बारीक जिवांवर घेतला हे बरोबर! खरी वाट 1897 साली सिकंदराबादला डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात सापडली.

आणि हो, आपली मगर. शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस, दलदलीतली. इंग्रजांना मात्र लॅटिन पुरलं नाही. त्यांनी आपला ‘मगर’च उचलला आणि ‘मगर’चं ‘मगर क्रोकोडाइल’ केलं, म्हणजे मगर-मगर. लिमोसा लिमोसाची गत.

तुमच्या भागात चिबडाला काय म्हणतात, खाली लिहा. मी जातो, मायने दोनदा हाक मारलीय. ओटा कालच सारवलाय आणि मी या बुटासकट वर उभा आहे.