उसवलं तरी चालतं

श्रोतेहो, नमस्कार.

पावसात वीज गेली की आमच्या फोंड्याच्या घरी सोप्यावर बसून पागोळ्या बघणं एवढंच काम उरतं. अशाच एका दुपारी शेजारच्या आंटीनं माझ्या हातात क्रोशाची सुई दिली. तिच्या घरी अल्तारावरच्या, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यावरच्या, कापडाला तिनंच विणलेली पांढरी झालर आहे. ती बघून मी म्हटलं होतं, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही. ती म्हणाली, "झालर राहू दे. साखळी घाल."

क्रोशे म्हणजे फ्रेंचमध्ये छोटी आकडी. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर उघडी असते, एक टाका निसटला की जीव वर-खाली. इथं एका वेळी एकच टाका उघडा. कुकरची शिट्टी झाली, दारात पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, आला, तर सुई काढून खुशाल उठा. चुकलं तर दोरा ओढा, सर्रकन उसवतं, आणि तोच दोरा पुन्हा कामाला येतो. मला तर विणण्याइतकीच उसवण्याचीही गोडी लागली आहे!

सुरुवातीला बारीक दोरा आणि स्टीलची सुई घेऊ नका. डोळे दुखतात आणि हौस तिथंच संपते. जरा जाड सुती दोरा, फिक्या रंगाचा, आणि चार मिलिमीटरची सुई घ्या. काळा रंग तर नकोच, पावसाळी उजेडात टाकाच दिसत नाही.

एकवीस साखळ्या घाला, म्हणजे फासातून फास ओढत एकवीस टाके. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, म्हणजे साखळीत सुई घालून दोरा ओढायचा आणि मग सुईवरच्या दोन्ही फासांतून एकदम ओढायचा. मग प्रत्येकीत एकेक. वीस भरले की एक साखळी घालून काम उलटं फिरवा. आणि हो, प्रत्येक ओळीला मोजा. मी मोजलं नाही. दर ओळीच्या टोकाचा टाका सुटत गेला आणि माझ्या चौकोनी रुमालाचा झाला समोसा. आंटी हसली, पण उसवू दिला नाही.

मोबाइलवर बघून शिकणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. या मुक्या खांबाला अमेरिकन बाई सिंगल म्हणते, त्यालाच इंग्लंडची बाई डबल म्हणते. या घोळात माझा एक आख्खा रविवार गेला.

सध्या दाराचं तोरण घेतलंय. चवथीपर्यंत होईल म्हणत होते, ते अजून अर्ध्यावरच आहे. समोसा मात्र रोज चहाच्या किटलीखाली असतो.