यादी लिहिणाऱ्यांच्या बाजूने

मंडळी, विषय जाहीर झालाय तो ‘संभाव्यतेचा सराव कसा करावा’. त्याकडे मी येतोच. पण त्याआधी एक उत्तरपत्रिका तुमच्यापुढे ठेवायची आहे. माझीच, शाळेतली.

प्रश्न साधा होता. दोन फासे टाकले, तर बेरीज 7 येण्याची संभाव्यता किती? मी पट्टी घेऊन तक्ता आखला. वर 1 ते 6, डावीकडे 1 ते 6, एकूण 36 घरं, आणि प्रत्येक घरात बेरीज. मग सातांना गोल करत गेलो, तर ते या कोपऱ्यापासून थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरक्या रांगेत उभे! मोजले, 6 निघाले. 36 पैकी 6, म्हणजे एक षष्ठांश. ती रांग बघून मला झालेला आनंद अजून आठवतो.

पेपर हातात आला तेव्हा अख्ख्या तक्त्यावर लाल रेघ आणि समासात एकच शब्द: ‘सूत्र?’ चारपैकी एक गुण. शेजारच्या मुलाने सूत्र व्यवस्थित लिहिलं होतं, पण (2, 5) आणि (5, 2) एकच धरले. त्यामुळे त्याच्या एकूण शक्यता झाल्या 21 आणि उत्तर आलं 3/21, म्हणजे एक सप्तमांश. उत्तर चूक, तरी सूत्राचे दोन गुण मिळाले. तो हुशार मुलगा होता, माझा त्याच्यावर राग नाही. राग त्या रेघेवर आहे, आणि तो गेलेला नाही. कारण त्याला जे कळायला हवं होतं, ते नेमकं त्या खोडलेल्या तक्त्यात होतं. (2, 5) आणि (5, 2) ही दोन वेगळी घरं आहेत. (3, 3) चं घर मात्र एकच.

ही चूक काही लहान मुलांचीच नाही. दालाँबेर हा अठराव्या शतकातला मोठा फ्रेंच गणिती. नाणं दोनदा उडवलं तर निदान एक छापा येण्याची संभाव्यता त्याने 1754 साली दोन तृतीयांश सांगितली. पहिल्याच खेपेला छापा आला की खेळ संपला, म्हणून त्याने तीनच शक्यता धरल्या. पण त्या तीन सारख्या वजनाच्या नाहीत. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा असं लिहून काढा. चारपैकी तीन.

गॅलिलिओपुढे आलेला प्रश्न तर मला फार आवडतो. तीन फाशांची बेरीज 9 सहा प्रकारे होते आणि 10 सुद्धा सहाच प्रकारे, मग 10 जास्त वेळा का येतो? वहीत लिहायला घेतलं की उत्तर समोर येतं. 3-3-3 एकाच तऱ्हेने पडतात. 3-3-4 तीन तऱ्हांनी, 1-2-6 सहा तऱ्हांनी. सगळं मिळून 216 पैकी नऊला 25 आणि दहाला 27.

आता ‘मगर’ हा शब्द घ्या. अक्षरं फिरवली की सहा मांडण्या होतात, त्यातली एक ‘गरम’. ‘कनक’ घेतलात तर तीनच. एक क लाल आणि एक निळा लिहा, पुन्हा सहा होतील; रंग पुसले की दोन-दोनांची जोडी जमून तीन उरतील. ‘दोनने भागा’ म्हणतात ते हेच. मुलाने हे एकदा रंगवून बघितलं की सूत्र पाठ करून घ्यावं लागत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे जे सांगायचं कबूल केलं होतं ते भराभर सांगतो.

सरावाला गणितं निवडताना आकडे लहान घ्या, यादी हाताने पुरी होईल इतके. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त विष्णूच्या चार हातांतली चार आयुधं अदलाबदल करायला सांगितली आहेत: 24 रूपं. ती लिहून काढा. शंकराच्या दहा हातांची 36,28,800 होतात. सूत्र लागतं ते तिथे. एकच गणित दोन रीतींनी सोडवा आणि उत्तरं जुळली नाहीत तर पुढे जाऊ नका. ‘निदान एक’ हे शब्द दिसले की ‘एकही नाही’ ते मोजून वजा करा. चार वेळा फासा टाकून निदान एक सहा: 1296 मधून 625 गेले, 671 राहिले, निम्म्याहून किंचित जास्त. दहा गणितं उरकण्यापेक्षा एकच गणित आकडे बदलून पाच वेळा करा.

आणि घरी जाऊन तीन फाशांची 11 ही बेरीज मोजा. पुन्हा 27 च येतील. का, ते कळेना तर 10 च्या यादीतला प्रत्येक आकडा 7 मधून वजा करून बघा.