गडगडलं का घसरलं? दोन-तीन वर्षांच्या मुलांना वाहनं शिकवताना

नमस्कार. वाहनांचा धडा आज आपण लाटण्यापासून सुरू करू या.

[फळीच्या वरच्या टोकाला लाटणं ठेवून सोडायचं.]

गेलं गडगडत. आता ही रिकामी काडेपेटी.

[काडेपेटी सोडायची. मधेच अडते.]

दोन वर्षांच्या मुलाला हे बघताना जे उमगतं ते भिंतीवरच्या तक्त्यातून उमगत नाही. तक्त्यावर विमान, जहाज, क्रेन, हेलिकॉप्टर सगळी एकाच मापाची, आपापल्या चौकटीत गप्प बसलेली. मूल नावं घडाघडा म्हणून दाखवतं, घरचे खूश होतात, आणि रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की तेच मूल ओरडतं, ‘गाडी!’ त्याचं काही चुकत नाही. जे पळतं आणि आवाज करतं ते सगळं या वयात गाडीच असतं. त्या एका शब्दातून रिक्षा वेगळी, टेम्पो वेगळा, ट्रॅक्टर वेगळा व्हायचा तर आधी मुलाच्या हाताखालून काहीतरी गडगडत जायला हवं. नाव नंतर सांगितलं तरी चालतं, आणि ते लक्षातही राहतं.

आज जे सांगणार आहे ते अंगणवाडीतल्या सेविका आणि मदतनीस, प्लेग्रुपच्या ताई, आणि घरी नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा, सगळ्यांना करता येईल. वय धरलंय दोन ते साडेतीन.

आधी वाहनं निवडा. महिन्याला तीन, त्याहून जास्त नको. तीही तुमच्या फाटकावरून रोज जाणारी. सांगली-कोल्हापूरकडे गळिताच्या दिवसांत उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर असेल, शहरात रिक्षा आणि घंटागाडी, किनाऱ्यावर होडी. गोव्यात पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी असते आणि तिच्या चालकाला पायलट म्हणतात. तिथल्या मुलांचा ‘पायलट’ विमानात बसत नाही, हे बाहेरून गेलेल्या ताईंनी लक्षात ठेवावं. विमान आणि रॉकेट खुशाल पुढच्या वर्षावर टाका.

आता उतार. लागतं एवढंच: साधारण ९० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद गुळगुळीत फळी, आणि एका टोकाखाली द्यायला १५ सेंटीमीटर उंचीचा टेकू. दोन विटा आडव्या, एकीवर एक, की झालं. विटा जुन्या टॉवेलात गुंडाळून दोरीनं घट्ट बांधा, म्हणजे कडा लागणार नाहीत आणि वरची पायावर पडणार नाही. फरशीवर फळीचं खालचं टोक हमखास सरकतं, म्हणून त्याखाली ओलं करून पिळलेलं फडकं दाबून ठेवा.

उंची वाढवायचा मोह होतो, कारण मुलांना वेग आवडतो. पण टेकू ३० सेंटीमीटर केलात की दोन गोष्टी बिघडतात. खेळण्यातली मोटार खाली आल्यावर तिचं नाक जमिनीत अडतं आणि ती उलटते. शिवाय सगळं इतकं झटकन होतं की मुलाला फक्त सुरुवात आणि शेवट दिसतो, मधलं गडगडणं दिसतच नाही. आपल्याला नेमकं तेच दाखवायचंय.

एका वेळी चारच मुलं. दोघं वर सोडायला, दोघं खाली बाजूला बसून पकडायला. खालच्यांना फळीच्या समोर बसवू नका. समोर दीडेक मीटरवर गोधडीची घडी ठेवा, तिथं सगळं अडतं.

अजून एक अडचण हमखास येते. दोन वर्षांचं मूल वस्तू सोडत नाही, ती ढकलतं. सगळा जोर लावून ढकलतं आणि काडेपेटीसुद्धा खालपर्यंत जाते! मग गडगडणं आणि घसरणं यातला फरक पुसला जातो. यावर साधा उपाय म्हणजे वस्तूच्या पुढं एक लाकडी पट्टी आडवी धरायची आणि मुलानं ती पट्टी उचलायची. रेल्वेचं फाटकच म्हणा ना. फाटक उघडलं की गाडी आपोआप निघते, ढकलायचं कारणच उरत नाही.

वस्तू पाच पुरेत: लाटणं, मोठा चेंडू, खेळण्यातली मोटार, रिकामी काडेपेटी आणि स्टीलचा पेला. पेला आडवा सोडून बघा.

[पेला फळीवरून वळत जातो आणि कडेवरून खाली पडतो.]

तो सरळ जात नाही. पेल्याचं तोंड मोठं आणि बूड लहान, त्यामुळे एका फेऱ्यात तोंडाची बाजू जास्त अंतर कापते आणि पेला बुडाच्या बाजूला वळतो. हे मुलांना समजावत बसू नका. ती पेला पुन्हा पुन्हा सोडतील, दहा वेळा सोडतील. सोडू द्या.

विचारायचं काय? अडीच वर्षांच्या आतल्यांना, ‘गेलं का थांबलं?’ तीनच्या पुढच्यांना, ‘गडगडलं का घसरलं?’ आणि विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. आपण दुसऱ्या सेकंदाला उत्तर देऊन टाकतो, तिथं मुलाचं बोलणं राहून जातं. दुसऱ्या दिवशी फळीवर गोणपाट अंथरा. तीच मोटार आता रेंगाळत येते. ‘खडबडीत’ हा शब्द हाताच्या तळव्यानं गोणपाट घासून घेताना शिकवायचा.

आता चाकाची गाडी. आणि इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. पाण्याच्या बाटलीची बुचं चाकं म्हणून वापरू नका. हस्तकलेच्या कितीतरी व्हिडिओंत तीच दिसतात. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना सुटे भाग एका नळकांड्यात टाकून बघतात, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्यात जे मावतं ते घशात अडकू शकतं. बाटलीचं बूच असतं साधारण ३० मिलिमीटर. डिंकानं चिकटवलेलं बूच दुसऱ्या दिवशी निघतं आणि निघालं की तोंडात जातं. घरगुती चाचणीसाठी जाड कागदाची ४ सेंटीमीटर रुंद नळी करून टेबलावर ठेवा. तिच्यात जे पडतं ते मुलांच्या हाती द्यायचं नाही. मणी, चिंचोके, गोट्या, बटणं सगळं त्यात आलं.

चाकं करायची खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याची, ७ सेंटीमीटर व्यासाची. दोन चकत्या एकमेकींवर चिकटवा, एकीच्या पन्हळी उभ्या आणि दुसरीच्या आडव्या, म्हणजे चाक वाकत नाही. मध्य अंदाजानं काढू नका. तेवढ्याच मापाचा कागदी गोल कापून त्याची चौघडी घाला. घड्या जिथं छेदतात तो मध्य. छिद्र २ मिलिमीटर जरी सरकलं तरी गाडी लंगडत चालते.

आस म्हणून कबाबची बांबूची काडी, ३ मिलिमीटर जाडीची. टोकं कापून पॉलिश पेपरनं घासा. ही काडी थेट खोक्याला चिकटवायची नाही. बहुतेक गाड्या इथंच फसतात: चाक काडीला घट्ट, काडी खोक्याला घट्ट, मग फिरणार काय? काडी फिरेल अशी नळी हवी. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर २०२२ पासून बंदी आहे आणि तिची गरजही नाही. वर्तमानपत्राची पट्टी पेन्सिलीवर चार-पाच वेढे गुंडाळा, शेवटच्या वेढ्याला खळ लावा, वाळल्यावर पेन्सिल ओढून काढा. साधारण ७ मिलिमीटरची नळी मिळते आणि काडी तिच्यात मोकळी फिरते. खोक्याच्या तळाला पट्टीनं दोन समांतर रेघा मारून त्यावर नळ्या चिकटवा. रेघा न मारता चिकटवल्या तर गाडी एका बाजूला ओढत जाते. चाकाच्या बाहेर काडीवर कापडी चिकटपट्टीचे सात-आठ घट्ट वेढे द्या, त्यानं टोकही झाकतं. चाक आणि खोकं यांच्यात दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवा.

हे सगळं ताईंनी आदल्या दिवशी करायचं. कात्री, काडी, गरम गोंद मुलांसमोर नको. मुलांनी खोकं रंगवायचं, खळीचा ब्रश फिरवायचा आणि गाडीत माल भरायचा. दोरी बांधायची असेल तर वीतभर, त्याहून लांब नको. लांब दोरी गळ्याभोवती जाऊ शकते. या वयात ढकलणंच बरं.

आणि आता खरी गंमत. त्याच मापाचं दुसरं खोकं घ्या, बिनचाकांचं. दोन्हींत चार-चार बटाटे ठेवा. मुलाला आधी बिनचाकांचं ढकलू द्या, मग चाकांचं.

[जवळून: मुलाचे हात. पहिलं खोकं नेटानं ढकललं जातं. दुसरं हाताबरोबर पळतं.]

दुसरं खोकं हाताबरोबर पळतं तेव्हा मुलाचा चेहरा बघा. चाक कशासाठी असतं हे त्याला तोंडानं सांगावं लागत नाही. विदर्भातल्या तायांना तर यासाठी सणच आहे. तान्ह्या पोळ्याला मुलं चाकांवरचे लाकडी बैल घेऊन येतात. त्या आठवड्यात वेगळी गाडी करूच नका, बैलाची चाकं मोजा.

मोजण्याबद्दल सांगायचं तर सायकलची दोन, रिक्षाची तीन, मोटारीची चार, एवढीच पायरी या वयाला झेपते. ट्रकची सहा आणि दहा चाकं सोडून द्या. यासाठी चाकांचे ठसे घेणं सगळ्यात सोपं. अर्धी वाटी मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, त्यात दीड वाटी उकळतं पाणी ओतून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ढवळा, आणि गार झाल्यावर बिटाचा रस घाला. तोंडात गेलं तरी चिंता नाही. हळदही चालते, पण कपड्यावर पडली तर साबण लावल्यावर डाग लाल होतो. घाबरू नका, धुऊन उन्हात वाळवला की फिका पडतो. होळीचे रंग मात्र वापरू नका.

चूक होते ती रंग ताटात ओतण्यात. चाकाच्या खाचा भरून जातात आणि कागदावर नुसता फराटा उमटतो. ताटात स्पंज ठेवून त्यावर दोन चमचे रंग पसरा आणि चाक स्पंजवरून फिरवा. तीनचाकी सायकलच्या चाकांना ब्रशनं रंग लावून ती लांब कागदावरून सरळ नेली तर तीन रेघा उमटतात, आणि मूल बोट ठेवून मोजतं. दोनचाकी सरळ नेली की एकच रेघ दिसते, कारण मागचं चाक पुढच्याच्या वाटेवरून जातं. चार वर्षांच्या मुलासाठी हे सुंदर कोडं आहे, दोन वर्षांच्यासाठी नाही.

रोल-प्लेसाठी दोन गाड्या पुरतात. एक घंटागाडी: एक हिरवं खोकं ओल्या कचऱ्याला, एक निळं सुक्याला. भाजीची देठं आणि कागदाचे बोळे द्या, घंटा वाजवत वर्गभर फिरा. आवाज मुलांच्या ओळखीचा असतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी खेळ रंगतो.

दुसरी आपली एसटी. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली धावली, आणि आजही बहुतेक मुलांनी आतून बघितलेली पहिली मोठी गाडी तीच. सतरंजीवर रंगीत चिकटपट्टीनं सहा जागा आखा. खुर्च्या नकोत, मुलं त्यावर चढतात. पुठ्ठ्याची तिकिटं, पितळी घंटी, पुढं चालक, मागं कंडक्टर. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तीन वर्षांच्या पुढच्यांना हे जमतं. लहानांना टोल्यांचा फरक कळत नाही, त्यांना घंटीबरोबर हात वर करून ‘थांब’ दाखवा. आणि थांबायला वेळ लागतो म्हणून रागावू नका. निघणं या वयात सोपं असतं, थांबणं शिकावं लागतं. पुढं रस्त्याच्या कडेला मुलाचा हात धरून ‘थांब’ म्हणाल, तेव्हा हाच सराव उपयोगी पडणार आहे.

होडीसाठी घमेल्यात चार बोटं पाणी आणि नारळाची करवंटी. माल मधोमध ठेवला तर तरंगते, कडेला ठेवला की कलंडते. एवढ्याशा पाण्यातही मूल बुडू शकतं, म्हणून एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच. खेळ संपताच घमेलं रिकामं करा.

रस्ता बघायला बाहेर नेऊ नका. फाटक बंद ठेवून आत बसा, दहा मिनिटं. रिक्षा गेली की टोपलीत एक ठोकळा. दुधाचा टेम्पो किंवा एसटी यायची वेळ साधा, नाहीतर रस्ता रिकामा आणि मुलं कंटाळलेली, असं होतं.

गाड्या ठेवायला कोपऱ्यात चिकटपट्टीचे चौकोन आखा. प्रत्येक गाडीचं गॅरेज ठरलेलं. दर शनिवारी चाकं ओढून बघा. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, दाबला की बोट रुततं. असं चाक मुलांसमोरच काढा आणि नवं बसवा. ‘पंक्चर’ हा शब्द त्यांना त्याच दिवशी कळतो. काडी आणि नळी कोरडी असेल तर तीच पुन्हा चालते.