हरणाच्या हंगामाआधीचा धनुष्यसराव

श्रोतेहो, नमस्कार. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हा विषय आपल्याकडच्या ऐकणाऱ्यांना परका वाटेल. पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत तो परका नाही. तिथं 2002 साली केंटकी राज्यात सुरू झालेल्या शालेय धनुर्विद्या उपक्रमातून पुष्कळ मुलांच्या हाती धनुष्य येतं. मग कुणी शेजारी विचारतो, ‘शरद ऋतूत हरणाला येणार का?’ परवाना, शिकारी प्रशिक्षण आणि हंगामाच्या तारखा प्रत्येक राज्याच्या वेगळ्या असतात, त्या आपापल्या पाहून घ्याव्यात. आज बोलायचं ते त्याआधीच्या सरावाबद्दल. हंगाम बहुतेक ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरात उघडतो. म्हणजे सरावाला वसंतातच लागायला हवं.

नवशिक्याची पहिली चूक दुकानातच होते. 70 पौंड ताणाचं, म्हणजे दोरी मागे ओढायला तेवढा जोर लागणारं, कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य उचललं जातं, कारण आकडा भारदस्त वाटतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला 45 ते 50 पौंड आणि धारदार पातं पुरतं. ताण झेपतो का, हे बघायचं असेल तर खुर्चीवर बसा, बाण लावा, समोर लक्ष्य ठेवा आणि धनुष्य आडव्या रेषेत ठेवूनच दोरी मागे आणा. त्यासाठी धनुष्य आकाशाकडे न्यावं लागलं, तर ताण जास्त आहे. पाच-पाच पौंडांनी उतरवा. थंडीत तासभर निश्चल बसल्यावर स्नायू आखडतात, तेव्हा हाच फरक नडतो. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. सगळा जोर धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजांत आणि चाकांत जातो, ती फुटतात.

ताणाची लांबी, म्हणजे दोरी किती मागे येते ते अंतर, हीही मापाचीच हवी. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांपर्यंतचं अंतर इंचांत मोजा, त्याला अडीचनं भागा. 70 इंच असेल तर 28. लांबी जास्त झाली की मान मागे झुकते आणि दोरी कोपराच्या आतल्या बाजूला सपकन लागते. तो निळा-जांभळा वळ नवशिक्याची खूणच समजा.

आता हाताची पकड. बाण डावी-उजवीकडे पसरले की लोक साइट, म्हणजे धनुष्यावरचं नेम धरायचं साधन, फिरवत बसतात, आणि दोष बहुतेक वेळा पंजात असतो. धनुष्याची मूठ तळहातावरच्या आयुष्यरेषेच्या अंगठ्याकडच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर टेकली पाहिजे. बोटं सैल, पेरं 45 अंशांत तिरकी. मूठ आवळली की सुटण्याच्या क्षणी धनुष्य पिळतं.

दुसरा दोष ट्रिगरचा, म्हणजे दोरी सोडायच्या खटक्याचा. साइटची पिन लक्ष्यावर आली रे आली की बोटानं झटका मारायचा, ही सवय एकदा लागली की वर्षभर सुटत नाही. त्यावर इलाज कंटाळवाणा आहे, पण तोच खरा. तीन-चार यार्डांवर कोरं, खुणा नसलेलं लक्ष्य ठेवा, बाण रोखून मगच डोळे मिटा आणि पाठीचे स्नायू आवळत बाण आपोआप सुटू द्या. पहिले दोन-तीन आठवडे एवढंच. रोज 30-40 बाण पुरे. दमल्यावर मारलेले बाण फक्त चुका पक्क्या करतात. कार्बनचा बाण दर वेळी हातानं किंचित वाकवून बघा. कडकड ऐकू आली किंवा चीर दिसली तर मोडून टाका, नाहीतर तो सुटताना फुटून हातात घुसतो.

2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले. त्यांचं लक्ष्य नेमकं 50 मीटरवर असतं आणि ते जागचं हलत नाही. हरणाचं अंतर माहीत नसतं, आणि दुसरा बाण मिळतोच असं नाही. म्हणून पकड बसली की सराव बदला. दिवसातला पहिला बाण, अंग तापायच्या आधीचा, हाच खरा मोजायचा. हरणाची हृदय-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंचांची. सहा इंचांची कागदी थाळी लावा आणि हा पहिला बाण ज्या अंतरावरून रोज तिच्यात बसतो, तीच तुमची मर्यादा समजा. पहिल्या हंगामात ती 20 यार्ड असली तर लाजू नका.

लांबून मारण्याचा मोह का आवरायचा, याचं गणित सोपं आहे. बाण सेकंदाला 270 फूट जातो, दोरीचा आवाज 1,100. चाळीस यार्डांवर बाणाला 0.44 सेकंद लागतात, आवाज 0.11 मध्येच पोचतो. उरलेल्या वेळात हरीण पळण्यासाठी आधी खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो. वीस यार्डांवर त्याला याच्या निम्माच वेळ मिळतो. हरीण आडवं किंवा किंचित पाठमोरं उभं असेल तरच मारायचं. समोरून येत असेल तर सोडून द्यायचं.

निदान महिनाभर आधी शिकारीची पाती, म्हणजे ब्रॉडहेड, लावून मारून बघा. सरावाच्या टोकाशी वजन सारखं असलं, समजा दोन्ही 100 ग्रेन, तरी पात्यांना वारा लागतो आणि धनुष्य नीट जुळलेलं नसेल तर बाण भलतीकडे जातो. सरावाची पाती वेगळी ठेवा, फोममध्ये मारली की धार जाते. याच दिवसांत जाड जॅकेट आणि हातमोजे घालून मारा, कारण फुगलेल्या बाहीला दोरी घासते.

झाडावरच्या मचाणाबद्दल एक गैरसमज आहे, की उंचीमुळे अंतराचा हिशेब पार बदलतो. मचाण 20 फुटांवर आणि हरीण बुंध्यापासून 20 यार्डांवर असेल, तर तिरकं अंतर जेमतेम 21 यार्ड भरतं. बाण चुकतो तो नुसता हात खाली नेल्यामुळे. आधी सरळ समोर ताण घ्या, मग कमरेतून वाका. हे हार्नेस (झाडाला अडकवायचा सुरक्षा पट्टा) बांधून, कमी उंचीवर, एखाद्या जाणत्या माणसाला खाली उभं करून शिकावं. चढताना पाय जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंत हार्नेस अडकवलेलाच हवा. धनुष्य हातात घेऊन चढू नका, वर बसल्यावर दोरीनं ओढून घ्या, आणि तेव्हा बाण भात्यात, पाती झाकलेली.